ओढ्यातला काळा दात: फिरणाऱ्या संदेशातल्या ‘खुणा’ तपासू

पावसाळा ओसरला, ओढे-नाले उघडे पडले की हा संदेश फिरू लागतो: ‘काळा, जड दात सापडला तर तो लाखो वर्षांचा जीवाश्म. जिभेला चिकटला तर खात्री. तापलेली सुई टेकवून केस जळल्याचा वास आला नाही तर दुप्पट खात्री. लांब टोकदार असेल तर वाघाचा किंवा डायनासोरचा. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून स्वच्छ करा.’ सुईच्या खुणेत थोडं तथ्य आहे. बाकीचं सोडून द्यावं, व्हिनेगर सगळ्यात आधी.

काळा रंग वय सांगत नाही. गाळातलं लोह आणि मँगनीज दातात मुरतं आणि चिखलात पडलेला गेल्या पिढीतल्या बैलाचा दातही काळाकुट्ट होतो. उलट चुनखडीच्या थरातला खरा जीवाश्म मळकट पांढरा असू शकतो.

जीभ चिकटते ती सच्छिद्रपणामुळे. वाळकी माती आणि खापर तसंच चिकटतं. खनिजांनी पूर्ण भरलेला जीवाश्म मात्र चिकटत नाही. म्हणजे परीक्षा दोन्हीकडून फसते. शिवाय मेलेली गुरं जिथे टाकतात तिथली वस्तू तोंडाला लावायची कशाला?

सुई कोलेजन शोधते, म्हणजे जळल्यावर केसासारखा वास देणारं प्रथिन. ते दंतिनात (दाताच्या आतल्या भागात) आणि दाताच्या मुळात असतं, एनॅमलमध्ये (दातावरच्या कठीण आवरणात) जवळपास नसतंच. एनॅमलवर सुई टेकवली की ताजा दातही ‘जीवाश्म’ ठरतो. म्हणून चाचणी मुळाच्या तुटलेल्या कडेवरच. वास आला तर दात फार जुना नाही. आला नाही तर एवढंच कळतं की कोलेजन गेलं आहे. उष्ण हवामानात त्याला लाखो वर्षं लागत नाहीत.

मुळात विचारायचं ते ‘किती जुना?’ नव्हे, ‘कोणाचा?’ ओढ्यातले बहुतेक दात गाय-म्हशीचे असतात. त्यांची दाढ २.५ ते ३ सेंटिमीटर लांब, न झिजलेली असेल तर ५-६ सेंटिमीटर उंच. चावायच्या बाजूला एनॅमलच्या चंद्रकोरी दिसतात आणि दोन भागांच्या मध्ये एक बारीक खांब उभा असतो. शेळी-मेंढीच्या दाढा लहान आणि हा खांब नाही. घोड्याच्या दाढेतही तो नसतो. त्याच्या वरच्या दाढेचा माथा चौकोनी आणि एनॅमलच्या घड्या खूप गुंतागुंतीच्या. डुकराच्या दाढेवर गोल उंचवटे असतात, त्यामुळे ती माणसाची समजून लोक घाबरतात.

गोम अशी की गोदावरी-नर्मदा खोऱ्यांत जीवाश्मरूपात मिळणाऱ्या रानगुरांच्या (बॉस नमॅडिकस) दाढा आजच्या बैलाच्या दाढेसारख्याच दिसतात. त्यामुळे नुसत्या आकारावरून वय ठरतच नाही.

आता टोकदार दात. बेसाल्टच्या, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या खडकाच्या ओढ्यात तो बरेचदा दातच नसतो, कॅल्साइट या खनिजाचा स्फटिक असतो. त्याला सपाट पैलू असतात, चाकूने तो सहज ओरखडतो आणि मुळाशी पोकळी नसते. डायनासोरचं म्हणाल तर पुणे-साताऱ्याकडचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्यातून वाहणाऱ्या ओढ्यात डायनासोरचा दात कुठून येणार? तसे जीवाश्म चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी, लाव्ह्याखालच्या लॅमेटा थरांत मिळतात. आणि सुळ्यावर उभ्या खाचा असतील तर तो मार्जारकुळातला असू शकतो. वाघ-बिबट्याचा सुळा जवळ बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा खिशात न घालता वनविभागाला कळवा.

व्हिनेगर का नको? दात म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, आणि ॲसिड तेच विरघळवतं. प्रयोगशाळेत चुनखडी काढायला ॲसेटिक ॲसिड वापरतात खरं, पण पातळ करून, फॉस्फेट वाचवणारे क्षार घालून आणि नंतर बराच काळ धुऊन. घरी साधं पाणी, मऊ ब्रश आणि सावलीत सावकाश वाळवणं पुरे. उन्हात ठेवलात तर दंतिन आकसतं आणि दात उभा चिरतो. चिरेत फेविकॉल भरू नका. पुढे तो काढणं कठीण जातं.

वय खरोखर शोधायचं तर दात कुठे होता ते बघा. पात्रात सुटा पडलेला दात कुठूनही वाहत आलेला असतो. काठाच्या चुन्याने घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरात रुतलेला असेल तर गोष्ट वेगळी. मांजरा नदीच्या खोऱ्यातले हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म असेच काठच्या जुन्या थरांतून मिळालेत. असा रुतलेला दात उपसू नका. शेजारी नाणं ठेवून दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक सगळा काठ दिसेल असा. जीपीएस खूण आणि पाण्यापासूनची उंची टिपा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.