जुनं होतंय तसं महाग होतंय, वा रे धंदा!

टीव्ही जुना झाला की स्वस्त होतो. मोबाइल तर वर्षभरात निम्म्यावर येतो. मग या गेमिंग कन्सोलवाल्यांच्या घरीच गंगा उलटी का वाहते?

सोनीचा पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, भारतात आला फेब्रुवारी २०२१ मध्ये, डिस्क घालून गेम खेळायचा मॉडेल ४९,९९० ला. शहाणी माणसं म्हणाली, थांबू जरा, उतरेल. उतरतोय कसला! २०२२ संपता संपता तोच डबा ५४,९९० चा झाला. अमेरिकेतही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे ५० डॉलरने वाढवला. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स सीरिज एक्स तर २०२० मध्ये ४९९ डॉलरला निघाला आणि २०२५ मध्ये दोनदा वाढून ६४९ वर जाऊन बसला. कारणं विचारा, तयार असतात: टॅरिफ, महागाई, आता एआयच्या डेटा सेंटरांनी महाग केलेली मेमरी. असतीलही खरी. पण याच सोनीचा आधीचा पीएस३ २००६ मध्ये ५९९ डॉलरपर्यंत होता आणि त्याचंच स्लिम, म्हणजे बारीक केलेलं मॉडेल २००९ मध्ये २९९ ला मिळत होतं. पीएस४ तीन वर्षांत ३९९ वरून २९९ वर आला. थांबणाऱ्याला तेव्हा फायदा व्हायचा. आता थांबलात तर दंड भरा.

आणि काळ कसला चाललाय? आमच्याकडे यंदा इन्क्रिमेंटऐवजी ईमेल आला, 'कठीण काळात आपण सगळे एकत्र आहोत'. घरमालक मात्र एकत्र नाहीये. अकरा महिने संपले की तो नव्या अ‍ॅग्रीमेंटवर आकडा वाढवून हजर.

तरी मध्ये एका दुकानात भाव विचारायला गेलो. काउंटरवरचा पोरगा कन्सोलच्या खोक्यावर हात ठेवून म्हणतो, "सर, नुसता नाही मिळणार, बंडल आहे." बंडलमध्ये काय, तर गेल्या वर्षीचा फुटबॉलचा गेम, जो फुकट दिला तरी कुणी घेणार नाही, आणि जादाचा कंट्रोलर. म्हटलं, मी एकटा खेळतो रे बाबा, दोन कंट्रोलर काय दोन्ही हातांत धरू? तर म्हणे, "वरून तसंच आलंय सर." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

बरं, डबा घरी आणला म्हणजे सुटलो असंही नाही. मोठे नवे गेम चार-पाच हजारांना एक. पैसे देऊन घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा सोनीच्या पीएस प्लस सेवेची वर्गणी वेगळी. पीएस५ चं स्लिम मॉडेल उभं ठेवायचंय? स्टँड वेगळा विकत घ्या. पहिल्या पीएस५ सोबत तो खोक्यातच यायचा हो! पीएस५ प्रो काढला ७०० डॉलरचा, त्यात डिस्क ड्राइव्हच नाही. निंटेंडोने तर कमाल केली. त्यांच्या स्विच २ या कन्सोलमध्ये काय काय आहे हे दाखवणारा 'वेलकम टूर', तोही १० डॉलरला विकायला ठेवला. पाहुण्याला घर दाखवायचे पैसे!

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या डिस्कवरून. आपल्याकडे चार मित्र मिळून एक डिस्क घेतात, फिरवतात, संपली की सेकंडहँडवाल्याला देऊन दुसरी आणतात. मध्यमवर्गीय पोरं अशीच खेळत आली. तेच नेमकं यांना खुपतंय. डिजिटल, म्हणजे डिस्कशिवाय डाउनलोड करून घेतलं, की ना डिस्कसारखं उसनं फिरवता येतं, ना विकता येतं. सेल लागेल तेव्हा घ्यायचं, तोही त्यांच्याच दुकानातून.

यावर आमचे हौशी मित्र काय म्हणतात? "आत्ताच घेऊन टाक, अजून वाढेल." अरे, सोनं आहे का ते? पाच वर्षांपूर्वीचं यंत्र आहे! आणि ते 'जगून घे रे, पैसा काय कामाचा' वगैरे सांगणारे तर नकोच. माझा पीएस४ चालतोय. पंखा विमान उडाल्यासारखा ओरडतो, उघडून ब्रशने धूळ काढली की आठवडाभर गप्प बसतो. सेकंडहँड डिस्का पाचशे-सातशेत मिळतात आणि न खेळलेल्या गेमची यादी अजून लांबलचक आहे.

ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त अठरा महिन्यांचा ईएमआय काढून 'दिवसाला शंभरच रुपये पडतात' हा हिशेब मला ऐकवू नका. ते शंभर रुपये रोज देणारा कोण आहे, त्याचा नंबर द्या आधी.