सर्वपित्रीचं पान कुणी थांबवलं?

21 सप्टेंबर 2025, सर्वपित्री अमावास्या. आमच्या शेजारच्या काकूंनी आदल्या रात्रीच गवार मोडून ठेवली होती, अळूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळली होती, खिरीसाठी दूध जास्तीचं घेतलं होतं. काका जाऊन चार वर्षं झाली, एकही सर्वपित्री त्यांनी चुकवली नव्हती. सकाळी फोनवर एक मेसेज आला आणि अकराच्या ठोक्याला त्यांनी गॅस बंद केला. पान वाढलं नाही, गच्चीवर घास ठेवला नाही. सून सातव्या महिन्यात; तिला आतल्या खोलीत पडदे लावून निजवलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती पोर पाण्याचा घोटसुद्धा भीत भीत घेत होती.

मेसेज थोडक्यात असा होता: आज भयंकर सूर्यग्रहण, सूतक सकाळी 11 पासून, श्राद्ध आणि स्वयंपाक वर्ज्य, सूर्य पूर्ण झाकून 6 मिनिटं जगभर अंधार, गर्भवतींनी घातक किरणांपासून जपावं, 15 दिवसांत दोन ग्रहणं म्हणजे मोठं संकट, नासानेही दुजोरा दिलाय.

ग्रहण त्या दिवशी होतं, एवढं खरं. भारतीय वेळेनुसार ते 21 तारखेच्या रात्री 10:59 ला सुरू झालं, मध्य मध्यरात्रीनंतर 1:11 ला आणि 3:23 ला सुटलं. म्हणजे आपल्याकडे सूर्य मावळून चार-साडेचार तास झाल्यावर स्पर्श आणि उजाडायच्या आत मोक्ष. दिसलं ते न्यूझीलंडमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याच्या थोड्या भागात, दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर आणि अंटार्क्टिकाच्या काही भागात. न्यूझीलंडमध्ये तेव्हा 22 तारखेची सकाळ होती. तिथे सूर्य उगवला तोच कुरतडलेला. तिकडच्या आपल्या मराठी माणसांनी त्या सकाळी वेध पाळले असतील तर ते समजण्यासारखं आहे. काकूंनी का पाळावेत?

मग "सकाळी 11" आलं कुठून? सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे बारा तास. रात्री 10:59 मधून बारा तास वजा करा, सकाळचे 10:59 येतात. कुणीतरी वजाबाकी अचूक केली आणि त्याआधी विचारायचा प्रश्न विचारलाच नाही: ग्रहण आपल्याकडे दिसणार आहे का? आपल्या पंचांगांत ग्रहणाच्या नोंदीशेजारी "भारतात दिसणार नाही" असं छापतात ते याचसाठी. जिथे दिसत नाही तिथे वेध नाहीत, हा नियम परंपरेतलाच आहे, कुणा नास्तिकाने काढलेला नाही. शब्दही पाहा. मराठी घरात ग्रहणाचे वेध लागतात. सुतक लागतं ते घरात कुणी गेलं तर. "सूतक काल" हा हिंदी मेसेजमधून उचललेला शब्द. ज्याने तो उचलला त्याने आपलं पंचांग उघडलेलंच नसणार.

श्राद्धाचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. याज्ञवल्क्यस्मृतीत श्राद्धाचे काळ सांगितलेत, त्यात अमावास्या आहे आणि चंद्रसूर्यांची ग्रहणंही आहेत. ग्रहणात पितरांचं करावं असं जुने लोक सांगून गेले आणि आपण न दिसणाऱ्या ग्रहणापायी त्यांचं पान बंद केलं. तेही वर्षातून एकदा, ज्यांची तिथी माहीत नाही किंवा राहून गेली त्या सगळ्यांसाठी राखलेल्या दिवशी.

जगभर अंधार झालाच नसता, कारण हे ग्रहण खंडग्रास होतं. चंद्राची दाट सावली पृथ्वीवर कुठेच पडली नाही. ती दक्षिण ध्रुवाच्या खालून अवकाशात निघून गेली. पृथ्वीला लागली ती विरळ उपच्छाया, तीही फक्त दक्षिणेच्या टोकाकडे. म्हणून तर ग्रहण तेवढ्याच पट्ट्यात दिसलं. जिथे सर्वाधिक दिसलं त्या दक्षिणेकडच्या समुद्रावरही सूर्याच्या व्यासाचा सुमारे 85 टक्के भाग झाकला गेला, म्हणजे कोर उरलीच. सहा मिनिटांची गोष्ट वेगळ्याच ग्रहणाची आहे: 2 ऑगस्ट 2027 च्या खग्रास ग्रहणात इजिप्तमध्ये लक्सरजवळ 6 मिनिटं 20 सेकंदांहून जास्त काळ सूर्य पूर्ण झाकलेला राहील. महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसेल, आणि तेव्हा वेधांचा विचार ज्याला करायचा त्याने जरूर करावा.

किरणांचं काय? आपल्याकडे रात्रीचा एक वाजला होता तेव्हा सूर्य आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे होता. मधे जवळपास 12,000 किलोमीटर दगड आणि वितळलेलं लोखंड. पडदे कुणासाठी लावले? ग्रहणात सूर्य नवे किरण सोडत नाही, चंद्र फक्त आड येतो. धोका असतो तो उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावण्याचा, आणि तोही जिथे सूर्य दिसतो तिथेच. सातव्या महिन्यातल्या बाईला दिवसभर उपाशी, तहानलेली ठेवणं मात्र खरोखर घातक आहे.

पंधरा दिवसांत दोन ग्रहणं ही तर रीतच आहे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते त्या पातबिंदूजवळ, म्हणजे राहू किंवा केतूजवळ, सूर्य साधारण महिनाभर असतो. त्या काळात एक अमावास्या आणि एक पौर्णिमा येणारच, म्हणून सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण जोडीने येतात. 2025 मध्येच 14 मार्चला चंद्रग्रहण आणि 29 मार्चला सूर्यग्रहण होऊन गेलं होतं. नंतर 7 सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण, जे आपण गच्चीवर उभं राहून पाहिलं, आणि मग हे.

राहिली नासा. नासाचा त्या ग्रहणाचा नकाशा कुणालाही पाहता येतो. त्यात न्यूझीलंड आहे, अंटार्क्टिका आहे. भारत त्या रेषांच्या आत कुठेच नाही.

हाच मजकूर तारीख बदलून परत येतो म्हणून हे लिहितोय. 17 फेब्रुवारी 2026 चं कंकणाकृती ग्रहण भारतीय वेळेने दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरू होणारं, आपल्या डोक्यावर सूर्य असताना, तरी भारतात न दिसणारं. कंकण फक्त अंटार्क्टिकात. त्यामुळे नुसतं "दिवस आहे की रात्र" बघूनही भागत नाही, कुठे दिसणार ते बघावंच लागतं. 12 ऑगस्ट 2026 चं खग्रास ग्रीनलंड, आइसलंड, स्पेनचं.

काकूंना मी त्या संध्याकाळी पंचांगातली ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग उठून गॅस लावला, सुनेला वरणभात वाढला, आणि थोडा वेळ ओट्यापाशीच उभ्या राहिल्या. गवार तशीच टोपलीत होती.