प्रबंध 'जमवण्याचे' उपाय

विद्यार्थीमित्रांनो, प्रबंध लिहायचा नसतो, जमवायचा असतो. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडाराची 'शोधगंगा' वाहतेच आहे, हात धुऊन घ्या.

ऋणनिर्देशसुद्धा उचला. परवा तपासलेल्या एम.ए.च्या प्रकल्पात एका अविवाहित पोरानं 'माझी सुविद्य पत्नी व दोन्ही चिरंजीव' यांचे आभार मानलेत.

उचललेल्या मजकुराच्या टक्केवारीला भिऊ नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंत माफी, 40 पर्यंत दुरुस्ती, 60 पर्यंत वर्षभर थांबा, त्यापुढं थेट नोंदणी रद्द. बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला हा आकडा खाली आणून देतो, बाइंडिंगचे पैसे वेगळे. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर त्यात मोजतच नाहीत, म्हणजे रीतसर घेतलं तर दंड नाही. पण रीतसर घेण्यात काय मजा?

क्षेत्रभेटीला तर अजिबात जाऊ नका. याच पोराचा विषय बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर. प्रश्नावली 100 मजुरांची. तिसऱ्या पानावर जिल्हा बीड, सत्तेचाळिसाव्या पानावर नाशिक! आणि याचे आईबाप दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर जातात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, टोळीच्या मुकादमानं किती कापली, फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामावर किती चढली, कोपीत, म्हणजे त्या झोपडीत, उजेड होता का, बाळंतपणानंतर आईनं कितव्या दिवशी डोक्यावर मोळी घेतली... भाकरी खाता खाता विचारता आलं असतं की रे! विचारलं तर म्हणतो, "सर, ते पुस्तकात नव्हतं."

शेजारचे प्राध्यापक म्हणाले, "जाऊ द्या हो सर, गरिबाचं लेकरू आहे." अहो, गरिबाचं आहे म्हणून त्याला अडाणी ठेवायचं? 'हे संशोधन मूळ आहे' या प्रमाणपत्राखाली सही कुणाची? मार्गदर्शकाची. प्रकल्प उघडून तरी पाहिला होता का? पदोन्नतीसाठी पैसे भरून छापलेले आपले पेपर कोण तपासणार? त्याच नियमावलीत मास्तरांची वेतनवाढ रोखायची तरतूद आहे, ते पान बरं कुणाला सापडत नाही!

आणि तू रे, दसऱ्याच्या आत वही घेऊन आईसमोर बस. मोडकंतोडकं लिही, शुद्धलेखन मी बघतो. पण ते नाशिकचं पान माझ्या टेबलावर पुन्हा आणलंस तर सही मिळणार नाही.