दोष सोलकढीला द्या

परवा फोंड्याकडच्या एका हॉलात लग्न जेवून आलो आणि दुसऱ्या रात्री आख्खं घर आळीपाळीने संडासात. तेव्हा हॉलमालक, केटरर आणि यजमान, तुमच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

पहिलं म्हणजे दोष सोलकढीला द्या. ती बिचारी उलटून बोलत नाही.

बेसिनवर साबण नको, सॅनिटायझरची बाटली ठेवा. शोभून दिसते, आणि उलट्या-जुलाब लावणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूलाही तिचा फारसा त्रास होत नाही.

आचाऱ्याला जुलाब होताहेत? लिंबूपाणी पाजा आणि कोशिंबीर कापायला बसवा. जुलाब थांबल्यावरही 48 तास त्याने अन्नाला हात लावू नये म्हणतात, पण सीझनच्या 48 तासांत तुमची तीन लग्नं उरकतात!

बुफेशेजारी एखादं पोर ओकलं तर मुळीच गडबडू नका. पोऱ्याला हाक मारा. तो फडकं आणेल, फरशी पुसेल, बादलीत एकदा बुचकळेल आणि त्याच फडक्याने मणगण्याच्या खिरीचं टेबल पुसेल. मी बघत होतो. ओकारीचे तुषार हवेत उडतात, आसपासच्या ताटांवर बसतात, आणि आजारी पडायला विषाणूचे जेमतेम 10 ते 100 कण पुरतात. अन्न टाकून द्यायचं, माणसं लांब करायची, हातमोजे घालून जागा पुसायची आणि मग लिटरभर पाण्यात पाच टक्क्यांचं ब्लीच 20 ते 100 मिलिलिटर घालून ती भिजवून ठेवायची, एवढंच काम. पण बुफे थांबला तर लोक काय म्हणतील! म्हणून मॅनेजरने वर रूम फ्रेशनर मारला. मोगऱ्याचा.

उरलेलं अन्न रातोरात फेका. नमुनाच नाही तर तपासणार काय?

आरोग्य केंद्राचा फोन आला तर "आमच्याकडे सगळे ठणठणीत" म्हणा. ते लोक भलत्या चौकशा करतात. कोण काय जेवलं, किती तासांनी सुरू झालं. धडधाकट राहिलेल्यांनाही विचारतात, कारण त्यांनी काय खाल्लं नाही यावरून पदार्थ सापडतो. त्रास सुरू व्हायला 12 ते 48 तास लागतात, तोवर निम्मं वऱ्हाड मुंबईला पोचलेलं असतं. आणखी काय हवं?

अहो, आहेराची वही वर्षानुवर्षं जपता ना? कुणी पाकिटात किती घातले ते तोंडपाठ. मग जेवायला कोण होतं हे सांगताना दातखीळ का बसते? माझ्या म्हाताऱ्या आईला सलाईन लावावं लागलं. एक ब्लीचची बाटली आणि साबणाच्या चार वड्या, यापलीकडे काय खर्च होता तुमचा? आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिथेच मुंज लावलीत. त्या बटूच्या घरी फोन केलात का?