खुलासा: अमेरिकेत जमीन पडीक ठेवण्याचे पैसे मिळतात का?

‘अमेरिकेत सरकार शेती न करण्याचे पैसे देतं. जमीन घ्या, पडीक टाका, घरबसल्या डॉलर मोजा,’ असा मेसेज फिरतोय. त्यावर विसंबून कुणी पैसे गुंतवू नयेत, म्हणून हे लिहितोय.

योजना खरी आहे. १९८५च्या कायद्याने आलेला हा ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम’, म्हणजे माती राखण्यासाठी जमीन काही वर्षं पिकाखालून काढण्याची योजना. पण जमीन नुसती पडीक टाकून चालत नाही. उदाहरणार्थ, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) गव्हाची शेतं उभ्या उतारावर आहेत, पावसात तिथली माती वाहून जाते. अशा जमिनीसाठी १० ते १५ वर्षांचा करार होतो. ठरवून दिलेलं गवत किंवा झाडं लावायची, जगवायची, तण आटोक्यात ठेवायचं. लागवडीच्या खर्चातला फार तर निम्मा वाटा सरकार उचलतं. करार मध्येच मोडला, तर घेतलेली रक्कम व्याजासकट परत, वर दंड.

आज जमीन घेतली, उद्या अर्ज केला, असंही होत नाही. सहसा किमान वर्षभराची मालकी लागते आणि जमीन आधी कसलेली असावी लागते. मोबदला ठरतो तिथल्या कोरडवाहू जमिनीच्या खंडावरून; एका व्यक्तीला वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर. शिवाय काउंटीतली साधारण पाव हिश्श्याहून जास्त शेतजमीन यात घेत नाहीत, कारण पेरणीच थांबली तर गावातला बी-बियाण्यांचा धंदाही बसेल.

हे सगळं अमेरिकी कृषी खात्याच्या जाहीर नियमांत आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.