नंबर तोच असणार हो!

कोपऱ्यावरचा चष्मेवाला ‘मोफत संगणकीय नेत्रतपासणी’ अशी पाटी लावून बसलेला असताना डॉक्टरला पाचशे-सातशे रुपये मोजणारा माणूस आपल्याकडे भोळाच समजला जातो, आणि ते योग्यच आहे. तेव्हा दिसायला कमी आलंय असं वाटू लागलं की पहिलं काम करा : कमी आलेलं नाही, असं ठरवून टाका. नंबर तोच असणार. पेपर थोडा लांब धरा. हात अपुरा पडेपर्यंत चाळिशीला दाद देऊ नका. हात अपुरा पडलाच, तर फूटपाथवर तयार चष्मे मिळतात. दोन्ही काचांना एकच नंबर असतो, पण आपले दोन्ही डोळे एकाच घरात वाढलेत. फरक असून असून किती असणार?

घरच्यांनी फारच धोशा लावला तर दुकानात जा. तिथे हनुवटी टेकवून एका यंत्रात बघायचं असतं. आत लांबच लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो. आधी पुसट, मग स्पष्ट. लगेच चिठ्ठी बाहेर. खरं तर ही चिठ्ठी म्हणजे नुसता अंदाज. पुढे एकेक भिंग बदलत, ‘हे बरं की आधीचं बरं’ असं विचारत नंबर पक्का करायचा असतो. काही दुकानांत ते मन लावून करणारे लोक असतात, अशांना टाळा. त्यांना वेळ लागतो. तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीला अडलात तर डोळे बारीक करा, म्हणजे दिसतं. आणि उजव्या डोळ्याने वाचलेली अक्षरं डाव्याच्या वेळी घडाघडा म्हणून टाका. स्नेलन नावाच्या डच डॉक्टरने 1862 साली हा तक्ता काढला, तेव्हा त्याला आपल्या पाठांतराच्या परंपरेची कल्पना नसावी.

डॉक्टरकडे गेलात तर काय होतं? डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, मग काही तास ऊन सोसत नाही, गाडी चालवता येत नाही, अर्धी रजा जाते. शिवाय डोळ्याचा दाब मोजतात, आतला पडदा बघतात. मधुमेह असेल तर दरवर्षी या म्हणतात. हे लोक शोधायलाच बसलेत म्हटल्यावर काहीतरी सापडणारच. त्यापेक्षा काचबिंदू बरा. बहुतेक वेळा तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेची नजर गुपचूप नेतो. गेलेली नजर परत येत नाही, म्हणजे त्यावर पुढे खर्च करत बसायचाही प्रश्न मिटला.

तपासणीत वाचवलेले पैसे आता काउंटरवर काढा. इथे हात आखडता घ्यायचा नाही. फ्रेम अशी निवडा की ती लावून आरशात बघताना आपण सल्लागार वाटलो पाहिजे. मग दुकानदार छोटी टॉर्च काढून निळा किरण काचेवर मारेल आणि तो अडला हे दाखवेल. मान डोलवा. ‘माझ्या मोबाइलमधून असा किरण निघतो का?’ असं विचारून त्याचा हिरमोड करू नका. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 17 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी डोळ्यांचा शीण निदान थोड्या काळात तरी कमी होत असल्याचं दिसलं नाही. पण त्यांनी आपल्या दुकानदाराची टॉर्च कुठे पाहिली होती? 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आलाय. सरकारने सोडलेला पैसा खिशात ठेवणं बरं दिसत नाही. तो अजून एका कोटिंगवर घालवा. ‘एकावर एक फ्री’ असेल तर दुसरा चष्मा घ्याच. ड्रॉवरमध्ये सहा-सात आहेत, त्यांना सोबत होते.

चष्मा ऑनलाइन मागवायचा असेल तर दोन बाहुल्यांमधलं अंतर द्यावं लागतं. त्यासाठी काही ठिकाणी बँकेचं कार्ड कपाळाशी धरून फोटो काढायला सांगतात. पैसे जाणारच असतील तर कार्ड कपाळाला लावण्याइतकी समर्पक मुद्रा दुसरी नाही.

आरोग्य विम्याकडे आशेने बघू नका. चष्मा बहुतेक पॉलिसींत बसत नाही. मोतीबिंदू बसतो, पण तोही बहुधा दोन वर्षं थांबल्यावर. पिकू द्या, असं आजी म्हणायची, तेच कंपनी छापील अक्षरांत म्हणते.

राहिला कोरड्या डोळ्यांचा प्रश्न. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, आणि वर घळाघळा पाणी येतं. पाणी येणारे डोळे कोरडे कसे, या मुद्द्यावर तुम्ही कुठल्याही डॉक्टरला गप्प करू शकता. तो सांगेल, की पृष्ठभाग कोरडा पडला की डोळा चिडून पाणी सोडतो, पण अश्रूंवर तेलाचा पातळ थर धड नसेल तर ते टिकत नाही. ऐकू नका. केमिस्टकडे जाऊन ‘लाल डोळ्यांचं काहीतरी द्या’ म्हणा. मिळालेल्या बाटलीत स्टेरॉइड निघालं तर दोन दिवसांत छान वाटेल. चिठ्ठीशिवाय तेच महिनोन्‌महिने घालत राहिलात तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू आणि वर मोतीबिंदूही मिळू शकतो. साधे अश्रूंसारखे थेंब मिळाले, तर बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायची सूचना वाचू नका. ती दिवाळीपासून आषाढीपर्यंत पुरवा, टोक पापण्यांना टेकवा, आणि सासूबाईंनाही द्या. अधूनमधून गुलाबपाणी असतंच. रात्री पंखा पाचवर, तोंडावर.

इतकं करूनही भागलं नाही आणि डॉक्टरकडे जावंच लागलं, तर तो खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवेल, पट्टी किती भिजली ते मोजेल आणि म्हणेल, स्क्रीनपुढे तुमची पापणी लवायचीच राहते. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा, रात्री कोमट शेक द्या आणि डोळ्यांची नीट उघडझाप करा. उघडझाप! जन्मल्यापासून फुकट करतोय ती गोष्ट सांगायचे सातशे रुपये! बाहेर येऊन फी परत मागायला अजिबात लाजू नका. काउंटरवरची मुलगी पापणीही न हलवता ‘नाही’ म्हणेल. सकाळपासून स्क्रीनपुढे बसलीय बिचारी. तिला तुमची बाटली देऊन टाका.