मार मांडीला लागला, मग अस्थिमज्जेचा काय संबंध?

नमस्कार ताई,

'मोठ्या अपघातानंतर वयस्क माणसाची अस्थिमज्जाही मार खाते' हे माझं वाक्य तुम्हाला विनाकारण घाबरवणारं वाटलं. (अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या आतला मऊ गाभा, जिथे रक्त तयार होतं.) तुम्ही लिहिता, सासूबाई ७४ वर्षांच्या. लालबागला रस्ता ओलांडताना मोटारसायकलने उडवलं. पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचं हाड, आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, रक्तही चढवलं. आता काही महिन्यांनंतर त्या फिकट दिसतात, गळून गेल्यात, ते वयामुळे आणि गेलेल्या रक्तामुळे. बीट, खजूर आणि पूर्ण विश्रांती दिली की भरून येईल.

मला हे पटत नाही. आणि यात नुकसान सासूबाईंचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वयाचं तर तुमच्याच प्रतिक्रियेत उत्तर आहे. अपघाताच्या आदल्या दिवशी त्या चाळीचे तीन जिने उतरून बाजार करून आल्या होत्या. तेव्हाही वय ७४च होतं.

आता रक्त. रक्तदान केलेल्या पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, कारण तेवढ्या काळात मज्जा तूट भरून काढते. सासूबाईंना तर वरून रक्त मिळालं, तरी हिमोग्लोबिन ८.६च्या वर सरकत नाही. म्हणजे रक्त तयार होण्यातच कुठेतरी अडतंय. जबर दुखापतीनंतर अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं बरेच दिवस चढी राहतात, अंगभर दाह असतो. मज्जेतल्या मूळ पेशी, ज्यांपासून रक्तपेशी बनतात, आपली जागा सोडून रक्तात उतरतात. मज्जेचा भर पांढऱ्या पेशींवर जातो, तांबड्या मागे पडतात. शिवाय यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. ते आतड्यातलं लोह रक्तात येऊ देत नाही आणि साठ्यातलं लोहही अडकवून ठेवतं. शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आत; तेही दारातच अडणार. तरुण माणूस यातून लवकर सावरतो. उतारवयात मज्जेचा बराच भाग चरबीने व्यापलेला असतो, हाताशी राखीव कमी. बीट जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला 'पूर्ण विश्रांती' या शब्दांची वाटते. ग्लासगोचे संशोधक डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या दशकात हातापायाची हाडं मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला; शरीरातली प्रथिनं मोडली की तो बाहेर पडतो. तो इतका जास्त होता की जखमेच्या जागेवरून त्याचा हिशेब लागेना. अंगभरचे स्नायू झिजत होते. स्नायूंतली प्रथिनं मोडून शरीर ती जखम भरायला आणि संसर्गाशी लढायला वापरतं. त्यावर अंथरुण. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतलं सुमारे एक किलो मांस गेलं. त्यांना साधं खरचटलंही नव्हतं!

म्हणून पुढच्या भेटीत सर्जनना स्पष्ट विचारा: कोणत्या पायावर किती भार चालेल? पेल्व्हिसच्या बाबतीत हे त्यांनीच ठरवायचं. परवानगी असेल तेवढं रोज, वॉकर धरून, तुमच्या चाळीच्या गॅलरीतच चालवा. भार टाकायला मनाई असली तरी बसून-झोपून करायचे व्यायाम असतात, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

खाण्याबद्दल तुम्ही 'पेज आणि चहा-बिस्कीट पचतं' असं लिहिलंय. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. अशा आजारपणातून उठणाऱ्या वृद्धांना किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. पन्नास किलोच्या बाईला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. घट्ट वरण, दही, पनीर, मांदेली, जे खातील ते, पण प्रत्येक जेवणात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

आणि हिमोग्लोबिनचा सगळा दोष मज्जेवर टाकून मोकळंही होऊ नका. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) तपासायला सांगा. फेरिटिन दाहामुळे चढलेलं दिसू शकतं, म्हणून रिपोर्ट फिजिशियनलाच दाखवा. लोहाच्या गोळ्यांनी पोटाला त्रास होत असेल तर शिरेतून लोह देता येतं का, तेही विचारा. सासूबाई वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील आणि शी डांबरासारखी काळी झाली, किंवा बसल्या जागी दम लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.